आपल्या गावातल्या प्लेगच्या साथीची नोंद कशी करावी

गोव्यातल्या पुष्कळ घरांत प्लेगची आठवण एका वाक्यापुरती उरली आहे. "घरात उंदीर पडले, म्हणून सगळी माळावर राहायला गेली," असे आजी सांगत असे, आणि आजीला ते तिच्या सासूने सांगितलेले असे. माळावर कोण कोण गेले, किती दिवस राहिले, औषध कोणी दिले, परत घरात पाऊल टाकण्यापूर्वी काय केले, हे विचारले तर उत्तर येत नाही. या एका वाक्यापासून निघून गावाने आणि डॉक्टरांनी साथीला कसे तोंड दिले याची भरवशाची नोंद कशी उभी करता येते, ते येथे सांगतो. बार्देशातल्या दोन आणि सासष्टीतल्या एका गावाची अशी नोंद मी केली आहे. त्यात माझ्या हातून झालेल्या चुकाही ओघाने येतील.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. असे काम हाती घेणारे बहुतेक जण दोन वह्या घालतात. एकीत सरकारी हुकूम, टोचणी आणि चुन्याची सफेती जाते. दुसरीत नवस, गाऱ्हाणे, भजन आणि वेशीवरचा खुरीस (क्रूस) जातो. मला ही वाटणी मान्य नाही. त्या काळची माणसे सकाळी दंड पुढे करून टोचून घेत आणि संध्याकाळी देवळात नाही तर कपेलात (लहान ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात) जाऊन उभी राहत, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नसे. म्हणून वही एकच ठेवावी, आणि ज्या दिवशी जे घडले ते सारे एकाच पानावर यावे.

आधी रोग ओळखावा

"रोग आला", "मरी आली", "माणसे पटापट गेली" या शब्दांवरून प्लेगच होता असे समजू नये. पटकी, देवी, हिवताप आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांच्या आठवणी एकमेकींत मिसळलेल्या असतात. माझे पहिले वर्ष याच चुकीत गेले: एका वाड्यावरच्या तीन घरांनी सांगितलेली "मोठी साथ" मी प्लेगच्या खाती टाकली, आणि पुढे मृतांची वये जुळवून पाहिली तेव्हा त्यांत तरण्याताठ्या माणसांचाच भरणा निघाला, गाठीचा उल्लेख कोठेच नव्हता आणि सारे मृत्यू १९१८ च्या पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत पडले होते. ती मानमोडी होती, म्हणजे इन्फ्लुएन्झा.

प्लेग ओळखण्यासाठी चार गोष्टी विचाराव्यात. माणसे आजारी पडण्यापूर्वी घरात, कौलांवर, भाताच्या कणगीपाशी मेलेले उंदीर दिसले होते का? रोग्याला जांघेत, काखेत किंवा मानेला गाठ आली होती का? ताप भरल्यापासून मृत्यूपर्यंत साधारण किती दिवस गेले? आणि ऋतू कोणता होता? गाठीचा प्लेग पिसवांमुळे होतो. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे रक्त शोधतात आणि माणसाला चावतात; चावल्यापासून साधारण एका आठवड्याच्या आत ताप येतो. उपचार न मिळाल्यास अशा रोग्यांपैकी तीस ते साठ टक्के दगावतात, आणि रोग फुप्फुसांत उतरला तर क्वचितच कोणी वाचतो. मुंबईत ही साथ हिवाळ्यात चढत असे, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास शिगेला पोहोचत असे आणि पावसात ओसरत असे. जुलाब, उलट्या आणि एका रात्रीत मृत्यू अशी हकिकत असेल, तर ती पटकीची समजावी. तिचे जुने नाव गोव्याला नवे नाही: १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने या रोगाचे वर्णन करताना दिलेला स्थानिक शब्द आपल्या "मोडशी"शीच जुळतो.

जाता जाता एक प्रचलित गैरसमज दूर करतो. "जुने गोवे प्लेगने ओस पडले" असे लिहिलेले वारंवार वाचायला मिळते. त्या शहराला पोखरले ते मुख्यतः पटकीने आणि तापाने. व्हाइसरॉयचे वास्तव्य १७५९ मध्ये पणजीला आले, आणि पणजी रीतसर राजधानी झाली ती १८४३ मध्ये. ज्या प्लेगची आठवण आपल्या घरांत आहे तो याच्या कितीतरी नंतरचा, १८९६ मध्ये मुंबईत उतरलेला.

साल कसे ठरवावे

साल कोणाच्याही लक्षात नसते, परंतु खुणा असतात. "रेल्वे सुरू झाल्यावर की आधी?" असे विचारले तर मुरगावहून घाटावर जाणाऱ्या गाडीचा, म्हणजे १८८८ च्या सुमाराचा आधार मिळतो. राणे घराण्याचे आणि मराठा शिपायांचे बंड १८९५ चे. पोर्तुगालचा राजा जाऊन प्रजासत्ताक आले ते ऑक्टोबर १९१० मध्ये. ख्रिस्ती घरांत सर्वांत उपयोगी पडते ते सेंट फ्रान्सिस झेवियरचे शवप्रदर्शन, कारण १८९०, १९००, १९१०, १९२२ आणि १९३१ ही त्याची साले ठरलेली आहेत, आणि "आमची आई त्या प्रदर्शनाच्या वेळी पाळण्यात होती" असे एखाद्या आजीला हमखास आठवते.

कोणता उपाय केव्हा आला, ते माहीत असावे

हा भाग मी मुद्दाम लांबवतो, कारण येथेच खरी किल्ली आहे. साथीशी झगडण्याच्या पद्धती दहा-बारा वर्षांत पार बदलल्या, आणि आठवणीत कोणता उपाय आला आहे त्यावरून आठवणीचा काळ बऱ्याच अंशी ठरवता येतो.

सुरुवात मुंबईच्या मांडवी भागातली. सप्टेंबर १८९६ मध्ये तेथल्या दाट वस्तीतल्या तापाच्या रोग्यांना पाहून हा गाठीचा प्लेग आहे असे ठामपणे सांगणारे डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे बार्देशातल्या हडफडे गावचे. सुरुवातीला त्यांच्या निदानाला बराच विरोध झाला. पुढे तज्ज्ञांनी ते खरे ठरवले. ते वाड्यावाड्यांत फिरत राहिले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सुमारे १८,००० लोकांना टोचले असे त्यांच्याविषयीच्या लेखनात आढळते. १९०६ मध्ये ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले, आणि धोबी तलाव परिसरात त्यांचा पुतळा आहे. गावागावांच्या "कुडां"त, म्हणजे गावाने चालवलेल्या सामाईक बिऱ्हाडांत, राहणारे गोवेकर धोबी तलावाच्या याच भागात दाटीवाटीने राहत. १८९६ च्या अखेरीपासून मुंबई सोडून लाखो लोक गावी परतले. त्यांत कोकणचे आणि गोव्याचे लोक होते. तेव्हा आपल्या गावात साथ आली असेल, तर "मुंबईहून त्या सुमारास कोण आले?" हा प्रश्न विचारावाच, मात्र कोणाच्या घरावर बोट ठेवण्यासाठी नव्हे, त्याविषयी पुढे सांगतो.

पहिल्या दोन-तीन वर्षांत रोग कसा पसरतो ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. जंतूचा शोध १८९४ मध्ये हाँगकाँगला लागला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो याचे उत्तर नव्हते. रोग घाणीत, ओलीत, कोंदट हवेत असतो अशी समजूत असल्यामुळे उपायही तसेच होते: भिंतींना चुना, जमिनीवर जंतुनाशक पाणी, सामान जाळणे, कौले उतरवून घरात ऊन पाडणे, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत नेणे. आपल्या गावच्या हकिकतीत "कौले काढली" किंवा "बिछाने जाळले" असे आले, तर ती बहुधा या पहिल्या टप्प्यातली असते.

हे उपाय कोणी आणि कसे केले, यावरच लोकांचा प्रतिसाद अवलंबून होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुण्यात गोरे सोल्जर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. त्याच पुण्यात टिळकांनी हिंदू रोग्यांसाठी वेगळे इस्पितळ उघडले, आणि तेथे लोक आपण होऊन गेले. सावित्रीबाई फुले तर रोग्यांची सेवा करता करताच १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. आपल्याकडचे राज्य पोर्तुगिजांचे असल्यामुळे हे सारे "ब्रिटिश हद्दीतले" म्हणून बाजूला ठेवण्याची सवय आपल्याला आहे. तसे करू नये. १८९९ मध्ये खुद्द पोर्तुगालच्या पोर्तु शहरात प्लेग आला, तेव्हा तो ओळखणारे डॉक्टर रिकार्दु जोर्ज यांच्यावर शहर इतके उलटले की त्यांना लिस्बनला निघून जावे लागले, कारण शहराभोवती नाकेबंदी बसून व्यापार थांबला होता. त्याच साथीत लिस्बनचे जंतुशास्त्रज्ञ कामारा पेश्ताना यांना शवविच्छेदन करताना संसर्ग झाला आणि ते मरण पावले. राजा वेगळा असला, तरी दारात उभ्या राहिलेल्या परक्या अंमलदाराविषयीचा राग पुण्यात आणि पोर्तुत सारखाच होता. गावच्या आठवणीत असा राग सापडला, तर तो अडाणीपणा म्हणून खोडून टाकू नये, जसाच्या तसा टिपावा.

टोचणीची गोष्ट वेगळी. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे आगाखानांसारख्यांनी लोकांदेखत टोचून घेतल्यावर त्यांच्या अनुयायांची भीती कमी झाली. १८९८ मध्ये आपल्या शेजारच्या हुबळीत मोठ्या प्रमाणावर टोचणी झाली. नंतर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीतल्या दूषित लशीमुळे १९ माणसे धनुर्वाताने दगावली, आणि "टोचले की माणूस मरतो" ही भीती देशभर पसरली. म्हणून टोचणीचा उल्लेख निघाला, तर कोणी टोचले, कोणी आधी दंड पुढे केला आणि कोण पळून गेले, हे तिन्ही विचारावे. माझ्या अनुभवात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे ठरते: गावातला भटजी, पाद्री, शाळामास्तर किंवा भाटकार (जमीनमालक) पुढे झाला असेल, तर बाकीचे त्याच्या मागून गेलेले असतात.

उंदीर आणि पिसवा यांचा संबंध फ्रेंच डॉक्टर पोल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवला, पण वैद्यकीय जगाने तो कित्येक वर्षे मानला नाही. १९०५ नंतर मुंबईतल्या प्लेग संशोधन आयोगाच्या कामामुळे तो पक्का झाला. उंदीर पकडण्याचे सापळे, मेलेल्या उंदरांची मोजदाद, धान्य उंचावर ठेवणे हे उपाय सरकारी पातळीवर जोर धरतात ते त्यानंतर. मात्र येथे सावध राहावे. उंदीर मरू लागले की घर सोडायचे, हे लोकांना डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक होते. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरी गावांत एकोणिसाव्या शतकातच उंदीर मरताना दिसले की लोक गाव सोडून रानात जात. तेव्हा "उंदीर पडले म्हणून बाहेर पडलो" या वाक्यावरून साल ठरत नाही. "उंदीर पकडून दिले" या वाक्यावरून बरेच ठरते.

घरी जाऊन काय विचारावे

"तुमच्याकडे प्लेग झाला होता का?" असा प्रश्न कधीही करू नये. त्याचे उत्तर "नाही हो, आमच्याकडे नाही, शेजारच्या वाड्यावर" असेच येते. शेजारच्या वाड्यावर गेलात तर तेथे बोट तुमच्याच मागच्या घराकडे वळते. रोगाला लाज चिकटलेली असते. त्याऐवजी माळापासून सुरुवात करावी. झोपडी कशाची होती, झावळ्यांची की गवताची? भात बरोबर नेले होते की रोज आणायला जात? गुरे कोणाकडे ठेवली? पाणी कोणत्या विहिरीचे? दिवे लागल्यावर घराकडे कोण फेरी मारून येत असे? या प्रश्नांना माणसे भराभर उत्तरे देतात, आणि त्या उत्तरांत उपाय आपोआप येतात. भात घरातल्या कणगीत ठेवून माणसे बाहेर गेली असतील, तर उंदीर घरातच राहिले. भाताच्या मुड्या बरोबर नेल्या असतील, तर उंदीरही बरोबर जाण्याचा संभव होता. एवढ्याशा तपशिलावर एका वाड्यातली माणसे वाचली आणि दुसऱ्यातली नाही, असे घडू शकत होते.

बोलणाऱ्या माणसाचे वय पंचाऐंशी असले, तरी हे त्याने पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. म्हणून प्रत्येक हकिकतीपुढे ती कोणाकडून आली ते लिहावे: "आजेसासूकडून", "गावच्या वझ्याकडून" असे. मुंडकारांच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांच्या, घरी वेगळे आणि भाटकाराच्या घरी वेगळे ऐकायला मिळेल. माळावर जागा कोणाला मिळाली, राखणीला घरात कोणाला मागे ठेवले, याची उत्तरे दोन्हीकडे सारखी येत नाहीत, आणि मला विचाराल तर मुंडकारांच्या घरी आधी जावे.

कागद कोठे पाहावेत

पणजीचे पुराभिलेखागार १५९५ पासूनचे आहे आणि सरकारी पत्रव्यवहारासाठी तेच पहिले ठिकाण. सरकारचे "बोलेतीं", म्हणजे राजपत्र, १८३७ पासून छापले जात होते. नाकाबंदी, बंदरांवरची तपासणी, इस्पितळांची नेमणूक असे हुकूम त्यात मिळतात. पाट्टो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात आणि पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जुनी वृत्तपत्रे पाहता येतात. पोर्तुगीज येत नसेल तर निराश होऊ नये, थोडे शब्द ओळखले तरी निम्मे काम होते: "पेश्त बुबोनिका" म्हणजे गाठीचा प्लेग, "कोर्दांव सानितारियु" म्हणजे नाकाबंदी, "क्वारेंतेना" म्हणजे विलगवास, "देझिंफेक्सांव" म्हणजे निर्जंतुकीकरण, "ओबितु" म्हणजे मृत्यू, आणि "सावद" म्हणजे आरोग्य. १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेतून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर तालुक्यांत नेमले जात. त्यांचे अहवाल मिळाले तर ते बारकाईने वाचावेत, कारण त्यांना कोंकणी-मराठी येत असे आणि घरात काय चालले आहे ते त्यांना कळत असे.

मृत्यूंची मोजणी मात्र चर्चच्या नोंदवह्यांतून करावी, आणि १९१४ पासून पुढे नागरी नोंदणीतून. रोगाचे नाव सहसा सापडत नाही. तेथे एकाच महिन्यात एकाच वाड्यावरचे किती मृत्यू, एकाच आडनावाचे किती, एवढे मोजून आधीच्या तीन आणि नंतरच्या तीन वर्षांशी ताडून पाहावे. हिंदू घरांचे मृत्यू चर्चच्या वहीत नसतात. त्यासाठी देवस्थानांचे जमाखर्च आणि कोमुनिदादीची (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची) कागदपत्रे चाळावी लागतात. त्यांत झोपड्यांसाठी बांबू, चुना, राखणदाराची मजुरी अशा ओळी सापडल्या, तर गावाने आपल्या पैशाने काय केले याचा तो हुकमापेक्षा चांगला पुरावा होय.

नवसाची नोंद

वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह सर्वांना ठाऊक आहे. परंपरा अशी सांगते की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरात साथ आली, लोक जांबावलीच्या श्री दामोदराकडे गेले, तेथून प्रसादाचे श्रीफळ आणले, भजन अखंड चालू ठेवले आणि साथ ओसरली. आजही नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तो सप्ताह बसतो, आणि चोवीस तास भजनाचा सूर खंडू दिला जात नाही. अशी परंपरा ऐकली की देवाच्या कृपेवर वाद घालण्यात वेळ दवडू नये आणि ती तशीच पुरावा म्हणून मांडूही नये. त्याऐवजी विचारावे: एवढ्या अंतरावर कोण गेले? भजनाच्या पाळ्या कोणत्या समाजांनी वाटून घेतल्या? तेल, दिवे, चहा कोणी दिला? बंदर, रेल्वे आणि धान्याची गुदामे एकत्र असलेल्या नव्या शहरात वेगवेगळ्या गावांहून आलेली माणसे पहिल्यांदा कामे वाटून घेत होती, हे त्या उत्तरांतून दिसते.

ख्रिस्ती वाड्यांवर सेंट सेबॅस्टियन आणि सेंट रॉक यांची कपेले व फेस्ते (सण) तपासावीत, कारण युरोपात हे दोघे शतकानुशतके प्लेगपासून राखणारे संत मानले गेले. पण एखाद्या गावात सेंट सेबॅस्टियनचे कपेल आहे एवढ्यावरून तेथे प्लेग झाला होता असे म्हणू नये. त्याची भक्ती पोर्तुगिजांबरोबर आलेली, आणि कपेल साथीच्या कितीतरी आधीचे असू शकते. खुरसाच्या चौथऱ्यावर साल कोरलेले असेल, तर ते आधी वाचावे. कुंकळ्ळीचे चर्च "सावद"च्या सायबिणीचे, म्हणजे आरोग्यमातेचे आहे. तोच शब्द सरकारी आरोग्य खात्याच्या कागदांवर दिसतो तेव्हा मला दर वेळी थोडे थांबावेसे वाटते.

लिहून काढताना

प्रत्येक वाक्यामागे ते सांगितलेले आहे, कागदावरचे आहे की तुम्ही काढलेला निष्कर्ष आहे, हे दिसले पाहिजे. मी तीन रंगांची शाई वापरतो, तुम्ही हवे ते करा. रोग प्रथम कोणत्या घरात आला ते कळले, तरी घराचे नाव लिहू नये. वाड्याचे नावही तेवढ्यापुरते गाळावे, कारण शंभर वर्षांनंतरही सोयरिकीच्या वेळी ते कोणी तरी काढते.

मसुदा छापण्यापूर्वी गावात वाचून दाखवावा. सासष्टीतल्या गावी मी तो देवळाच्या अग्रशाळेत वाचला, तेव्हा एका वृद्ध बाईंनी मला मध्येच थांबवले. झोपड्यांची दारे रस्त्याकडे होती असे मी लिहिले होते. त्यांच्या सासूने सांगितल्याप्रमाणे ती विहिरीकडे होती, कारण रस्त्याने जाणाऱ्याला आत कोण झोपले आहे ते दिसू नये. ते वाक्य मी तेथेच खोडले आणि समासात त्या सासूचे नाते लिहून ठेवले.